ठेका मशीनचा, सम तुझी

पत्र :

"नमस्कार सर. मी फोंडा तालुक्यात राहते, वय २७. लहानपणी चार वर्षं पेटी शिकले. आमच्या वाड्यावर अकरा बायकांचं भजनी मंडळ आहे. श्रावण लागला की गणेशाची चवथ होईपर्यंत तबलजी मिळत नाही, सगळे कुठे ना कुठे आधीच ठरलेले असतात. म्हणून मंडळाने वर्गणी काढून ६१ पट्ट्यांचा कीबोर्ड घेतला. त्यावर रिदम लावून मी वाजवते. तालमीत बरं जमायचं. पण गेल्या सोमवारी देवळात सगळं विस्कटलं. पहिल्याच अभंगात गाणं आणि रिदम एकमेकांना धरून चालेनात. अंतऱ्यात आमच्या काकींनी आलाप घेतला आणि रिदम पुढे निघून गेला. घाबरून मी बटन दाबलं, ते नेमकं एंडिंगचं. अभंगाच्या मध्येच ड्रमचा मोठा तुकडा वाजला आणि सगळं ठप्प. पुढे एक वयस्कर पखवाजी बसले होते. प्रसाद घेताना ते मला म्हणाले, 'बाय, ठेको मशिनीचो आसूं, सम मात तुजी जाय.' त्या रात्री मला झोप लागली नाही. मी रिदमचा नाद सोडून नुसतं पेटीसारखं वाजवावं का? चवथीत आमचे तीन कार्यक्रम आहेत."

— एक वाचक, फोंडा

प्रिय बाय,

तुझं पत्र मी दोनदा वाचलं. त्या पखवाजींचं बोलणं तुला लागलं, हे समजतं. पण ते पुन्हा एकदा शांतपणे वाच. मशीन फेकून दे, असं ते म्हणाले नाहीत. ठेका मशीनचा असू दे, सम मात्र तुझी हवी, असंच ते म्हणाले. जन्मभर पखवाज वाजवलेल्या माणसाने तुझा कीबोर्ड मान्य केला आणि वर तुझं नेमकं कुठे चुकलं तेही एका वाक्यात सांगितलं. मी दोन पानं लिहूनही यापेक्षा वेगळं काही सांगणार नाही. फक्त कसं करायचं ते जरा फोडून सांगतो.

रिदम सोडू नकोस. पण चवथीच्या आत तीन-चार गोष्टी हातात बसव.

पहिली गोष्ट सुरुवातीची. तू लिहिलंस की गाणं आणि रिदम सुरुवातीपासूनच जमेनात. माझी खात्री आहे, की तू सिंक स्टार्ट (पट्टी दाबताच रिदम सुरू करणारी सोय) लावून ठेवलास आणि काकींच्या पहिल्या शब्दाबरोबर डाव्या हाताने कॉर्ड (एकत्र दाबलेले सूर) दाबलास. तिथेच घोटाळा झाला. कीबोर्डचा कुठलाही पॅटर्न पहिल्या मात्रेपासून, म्हणजे समेपासून, सुरू होतो. आपला मुखडा, म्हणजे गाण्याची पहिली ओळ, मात्र बहुतेक वेळा समेच्या आधी उठतो आणि समेवर येऊन बसतो. समज, ओळ आहे "माझ्या विठ्ठला" आणि ठेका आठ मात्रांचा. "मा" सातव्या मात्रेवर, "झ्या" आठव्या मात्रेवर आणि "विठ्ठला"मधला "वि" समेवर. तू कॉर्ड "मा"वर दाबलास तर मशीन "मा"लाच सम समजतं. मग सगळं गाणं दोन मात्रांनी सरकतं. काकी समेवर येतात तेव्हा मशीन तिसऱ्या मात्रेवर असतं. ऐकणाऱ्याला मात्रा मोजता येत नसल्या तरी काहीतरी खटकतंय हे कळतं, आणि गाणारीला तर पायाखालची वाळू सरकल्यासारखं होतं. तालमीत काकी हे सांभाळून घेत असतील. देवळात, लोकांसमोर, ते होत नाही.

तेव्हा मंडळाच्या वहीत प्रत्येक अभंगाच्या पहिल्या ओळीत सम ज्या अक्षरावर येते त्या अक्षराभोवती लाल पेनने गोल कर. अंतऱ्याच्या ओळींनाही कर. हे काम कीबोर्ड बंद ठेवून, हाताने टाळी देत करायचं. मग कार्यक्रमात "माझ्या" काकी रिकाम्यात म्हणतील, आणि तुझा डावा हात "वि"वर पडेल. सुरुवातीला दोन मात्रा ताल नसणं यात काही वावगं नाही. पखवाजीही पुष्कळदा असाच समेवर थाप टाकून येतो.

इथे एक बारीक गोष्ट सांगतो, कारण ती कीबोर्डच्या पुस्तिकेत असते आणि पुस्तिका कुणी वाचत नाही. बहुतेक कीबोर्डांवर साथीचं बटन, म्हणजे ज्यावर एसीएमपी किंवा कॉर्ड असं लिहिलेलं असतं ते, चालू असेल तर सिंक स्टार्ट फक्त डाव्या बाजूच्या पट्ट्यांनी सुटतो. ६१ पट्ट्यांच्या कीबोर्डवर ती बाजू साधारण दीड सप्तकाची असते. पण साथ बंद असेल तर कुठलीही पट्टी दाबली तरी रिदम सुरू होतो. म्हणजे उजव्या हाताने "मा"चा सूर धरलास की संपलं. साथ बंद ठेवून वाजवायचं असेल तर सिंक स्टार्टवर विसंबू नकोस, समेवर सरळ स्टार्ट दाब.

आणि साथ बंदच ठेव, असं मी सांगेन. अभंगामागे गिटार, बेस आणि व्हायोलिनचा ताफा नको. तो ताफा तुझ्या डाव्या हाताच्या कॉर्डवर चालतो. चालीत कोमल गंधार आला आणि तुझा हात सा-ग-पवर शुद्ध गंधार धरून राहिला, की दोन्ही गंधार एकमेकांच्या अंगावर येतात. साथ बंद केलीस की फक्त तालवाद्यं उरतात आणि डावा हात मोकळा होतो. तो कशाला लागतो, ते आता सांगतो.

तुझं दुसरं संकट आलापाचं. हे या विषयाचं मूळ दुखणं आहे, म्हणून यावर जरा थांबतो. माणूस ठेका वाजवतो तेव्हा त्याचं लक्ष गाणारीच्या तोंडाकडे असतं. काकींनी श्वास लांबवला तर तबलजी एक आवर्तन (तालाचा एक पूर्ण फेरा) हळूच भरून काढतो, आवाज खाली घेतो, त्यांची परत यायची तयारी दिसली की एक छोटा तुकडा मारून समेवर आणून सोडतो. कीबोर्डला कान नाहीत. त्याचे कान तू आहेस. त्यामुळे गाणारी जिथे मोकळी सुटणार तिथे रिदम चालू ठेवायचाच नाही. आलाप येणार हे तुला तालमीतून ठाऊक असतं. त्याआधीच्या ओळीची सम वाजली, तिचा ठोका कानावर पडला, की स्टॉप दाब. आता झांजा चालू राहतील. तुमच्या मंडळातल्या ज्या बाईच्या हातात लय पक्की आहे तिच्याकडे मोठी झांज दे आणि तिला सांग, की मशीन थांबलं तरी तू थांबायचं नाहीस. काकी आलाप घेतील, तू उजव्या हाताने सूर धर.

परत येताना टॅप टेम्पोचं बटन वापर. पुष्कळ कीबोर्डांवर रिदम थांबलेला असताना हे बटन चार वेळा मारलं की त्याच लयीत रिदम सुरू होतो, तीनच्या तालात तीन वेळा. आणि आपल्या केरव्याला हे अगदी चपखल बसतं. केरव्याच्या आठ मात्रा मशीन चार ठोक्यांत मोजतं, एका ठोक्यात दोन मात्रा. म्हणजे तू पहिल्या, तिसऱ्या, पाचव्या आणि सातव्या मात्रेवर टिचकी मारलीस, की एक आवर्तन भरतं आणि पुढची सम मशीनची. यात आणखी एक फायदा आहे. आलापानंतर काकींची लय थोडी वाढलेली किंवा बसलेली असणार. झांज ऐकून टिचक्या मारल्यास मशीन नव्या लयीत येतं, काकींना जुन्या लयीकडे ओढत नाही. तुझ्या कीबोर्डवर हे कसं चालतं ते घरी वीस वेळा करून बघ, मगच देवळात.

टेम्पोच्या आकड्यावरून गोंधळू नकोस. पडद्यावर ९० दिसलं तर ते ९० ठोके असतात, म्हणजे केरव्याच्या मिनिटाला १८० मात्रा. दादरा (सहा मात्रांचा ताल) काही मशीनांत तीनच्या मापात बांधलेला असतो, काहींत सहाच्या, त्यामुळे तोच आकडा तिथे वेगळीच लय दाखवतो. आकडा वहीत लिहून ठेव, पण त्या-त्या रिदमच्या नावापुढेच.

रूपक तालाबद्दल तू विचारलं नाहीस, तरी सांगतो, कारण एखादा अभंग रूपकात निघणारच. सात मात्रांचं गाणं आठ मात्रांच्या पॅटर्नवर कधी बसत नाही. प्रत्येक आवर्तनात एक मात्रा सरकते आणि दोन्ही समा एकत्र भेटतात त्या ५६ मात्रांनंतर. यामाहा, कॅसिओ यांच्या भारतीय ताल असलेल्या कीबोर्डांत केरवा, दादरा मिळतात, काहींत इतर तालही असतात. तुझ्याकडे सातचा पॅटर्न असेल तर आधी त्याची सम कान देऊन शोध. आपल्या रूपकात समेवरच खाली, म्हणजे बिनटाळीची जागा, आहे, पहिला बोल "तीं". पॅटर्न बांधणाऱ्याने तिथे दणदणीत ढोल ठेवला असेल तर गाणं जड होतं. तसा असेल किंवा सातचा पॅटर्नच नसेल, तर तो अभंग नुसत्या झांजांवर गा. छान वाटतो.

आता एंडिंगचं बटन. त्यावर आजच चिकटपट्टी लाव. इंट्रोवरही लाव. अभंगाला ही दोन्ही बटनं लागतच नाहीत. अभंग संपतो तो शेवटची ओळ तीनदा घेऊन समेवर. तिथे तुझं बोट स्टॉपवर हवं, बस. स्टार्ट-स्टॉपच्या बटनाला लाल टिकली लाव, टॅपच्या बटनाला हिरवी. बायकांच्या कपाळाच्या टिकल्यांचं पाकीट आणलंस की काम झालं. देवळात नऊ वाजता, डोक्यावर एक ट्यूबलाइट, समोर समईचा धूर, अशा वेळी बटनांवरची बारीक अक्षरं वाचता येत नाहीत.

फिल-इन, म्हणजे मध्येच वाजणारा छोटा तुकडा, मात्र वापर, पण जपून. ध्रुवपदाकडे परत येताना एक, एवढंच. फिल-इन साधारण चालू आवर्तन संपेपर्यंत वाजतं. म्हणजे पाचव्या मात्रेच्या आसपास दाबलंस तर अर्ध्या आवर्तनाचा तुकडा वाजून समेवर मिळतं. अगदी शेवटच्या क्षणी दाबलंस तर काही मशीनांत ते पुढच्या आवर्तनात जातं आणि मग काकी समेवर येऊन पुढे निघालेल्या असताना मागून ढोलाचा गडगडाट होतो. बोट लवकर पडायला हवं, उशिरा नको.

एक तक्रार तू लिहिली नाहीस, पण ती तुमच्याकडेही असणार. मशीनचा तबला लागला की गाण्याला कसलीतरी कचकच येते, काकींचा आवाज बसत नाही. त्याचं कारण असं. तबलजी आपला दाया (उजव्या हाताचा तबला) गाणारीच्या षड्जाला, म्हणजे सा-ला, मिळवून घेतो. काकी काळी चार पट्टीला सा धरून गात असतील आणि तू पांढरी एकची बोटं ठेवून ट्रान्सपोज (सगळे सूर वर-खाली सरकवणारी सोय) उणे ४ करत असशील, तर सुरांचे आवाज सरकतात, तालाचे नाहीत. मशीनमधला तबला ज्या सुरात भरलेला आहे त्याच सुरात वाजत राहतो. "ना" आणि "तीं" घुमतात ते भलत्याच स्वरावर, आणि षड्जाशी भांडतात. उपाय साधे आहेत. रिदमचा आवाज गाण्यापेक्षा खूपच खाली ठेव, इतका की शेवटच्या बाईला जेमतेम ऐकू येईल. किंवा तबल्याऐवजी ढोलक-ढोलकीचा, कोरडा वाजणारा पॅटर्न निवड, त्यात घुमणारा सूर कमी असतो. काही कीबोर्डांत तालवाद्याचा सूर बदलता येतो. तुझ्यात ती सोय असेल तर काकींचा षड्ज धरून मिळवून घे.

स्पीकरचंही बघ. मंडपवाले मोठे खोके पटांगणाच्या टोकाला ठेवतात. आवाज सेकंदाला साधारण ३४० मीटर जातो, म्हणजे १७ मीटरवरून ठोका यायला सेकंदाचा विसावा भाग लागतो. १८० मात्रांच्या लयीत एक मात्रा सेकंदाच्या एक तृतीयांशाची. त्यात एवढा उशीर कानाला कळतो. बायका त्या लांबच्या खोक्यावर झांज धरतात, तू कीबोर्डच्या आवाजावर वाजवतेस, आणि सगळे एकमेकांना दोष देतात. सगळ्यांनी एकच आवाज ऐकायला हवा. एक लहान स्पीकर तुमच्या मधोमध, जमिनीवर.

चवथीतल्या फुगडीला रिदम लावायचा विचार असेल तर तो सोड. फुगडी संथ सुरू होते आणि बायकांच्या पायांनी वाढत जाते. तिथे पायच वाद्य आहेत. ठरावीक आकड्यावर अडलेलं मशीन त्या पायांना बांधून ठेवतं. घुमट (कातडं ताणलेलं मडक्याचं वाद्य) घेऊन होणाऱ्या आरतीतही तेच. घुमट वाजवणारा डाव्या हाताने मडक्याचं तोंड झाकतो-उघडतो, त्यातून तो "घुम्म" निघतो. शामेळ हे तालवाद्य आणि झांजांबरोबर त्याचा जो मेळ बसतो तो पॅटर्नमध्ये नाही आणि तिथे त्याची गरजही नाही. घरात घुमट असेल तर कीबोर्ड खोलीत राहू दे.

सरावाचं सांगतो. रोज अर्धा तास पुरे, पण त्यातली पहिली दहा मिनिटं कीबोर्ड बंद. तोंडाने ठेका म्हण, हाताने टाळी-खाली दे, आणि त्यावर अभंगाची ओळ गुणगुण. आपल्या गोव्याचे लयभास्कर खाप्रुमाम पर्वतकर हातापायांनी एकाच वेळी वेगवेगळे ताल धरत असत. आपल्याला त्यातला एक धरता आला तरी खूप आहे, पण तो अंगात हवा. मग रिदम लाव आणि हा खेळ कर : दोन आवर्तनं आवाज चालू, दोन आवर्तनं रिदमचा आवाज शून्यावर, तू गात राहायचं, आणि आवाज परत वाढवताना बघायचं, की सम आपल्या अक्षरावर आली का. पहिल्या दिवशी येणार नाही. चौथ्या-पाचव्या दिवशी येईल. दोनची चार आवर्तनं कर. ज्या दिवशी चार आवर्तनांच्या शांततेनंतर तुझं "वि" आणि मशीनचा पहिला ठोका एकत्र पडेल, त्या दिवसापासून आलाप आला तरी तुझा हात कापणार नाही.

आणखी एक. पावसात वीज जाणार, हे धरूनच चाल. बऱ्याच वर्षांपूर्वी एका जत्रेतल्या भक्तिगीतांच्या कार्यक्रमात, गायिका ओळीच्या मध्यावर असताना वीज गेली आणि चार-पाच सेकंदांत आली. माझा कीबोर्ड परत सुरू झाला तो कोऱ्या अवस्थेत. पियानोचा आवाज, पहिल्या नंबरचा रिदम, टेम्पो १२०. मी न बघता स्टार्ट दाबला. त्या गायिकेने माझ्याकडे वळून पाहिलं, ते डोळे मला आजही आठवतात. तेव्हापासून मी प्रत्येक गाण्याचा रिदम, टेम्पो, आवाज आणि ट्रान्सपोज रजिस्ट्रेशनच्या बटनांत साठवून ठेवतो, आणि अडॅप्टर असला तरी आत सेल घालून ठेवतो. तूही तेच कर. एका बटनात एक अभंग, वहीतल्या क्रमानेच.

आणि या आठवड्यात त्या पखवाजींच्या घरी जा. काकींना सोबत घे. कीबोर्ड नेऊ नकोस, वही ने. लाल गोल केलेली पानं त्यांच्यापुढे ठेव आणि विचार, की समा बरोबर आहेत का. भजनी ठेक्याचे बोल त्यांच्या तोंडून लिहून घे, कारण बोल लिहिलेले असतात तसे म्हटले जात नाहीत. कुठे वजन द्यायचं ते ऐकल्याशिवाय कळत नाही. मग त्यांच्यासमोर टाळी देत एक अभंग म्हण. चुकलीस तर ते थांबवतील, थांबवू दे.

निघताना त्यांना विचार, तीनपैकी एका कार्यक्रमाला ते बसू शकतील का. वय झालेलं असेल, दोन तास जमणार नाही, पण दोन अभंग जमतील. ते "हो" म्हणाले तर त्या दोन अभंगांना कीबोर्डचा रिदम पूर्ण बंद ठेव. मशीनचा ठेका आणि माणसाचा पखवाज एकत्र कधी लावू नकोस, पखवाजीला मशीनच्या मागे धावावं लागतं. त्यांना काकी दिसतील अशा जागी बसव, आणि तू फक्त सूर धर.

तुझा,
सदरलेखक